गैरहजर माणसाची चौकशी

(संस्थेच्या वर्धापनदिनानिमित्त सुपे येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



संस्थेच्या कार्यवाहांनी आम्हाला निमंत्रण दिले तेव्हा विषय 'बँकेच्या योजना आणि आपला समाज' असा होता. आम्ही बँकेत कारकून, तेव्हा त्यांचे काही चुकले नाही. पण आम्ही विनंती केली की, योजनांची माहितीपत्रके आम्ही दाराशी ठेवतो, ज्याला हवी त्याने न्यावीत. बोलायचे मात्र दुसऱ्या गोष्टीवर बोलू द्यावे. तो विषय आहे पुरुषमाणसाच्या मनाच्या दुखण्याचा. त्यावर बोलण्याचा आम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारील. आम्ही डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि वीस वर्षे काउंटरच्या अलीकडे बसलो, एवढीच आमची पात्रता. पण त्या खिडकीतून माणसाचा चेहरा फार जवळून दिसतो. असा एक चेहरा आम्ही पाहिला आणि ओळखला नाही, म्हणून हा विषय.

गाव सांगत नाही, साल सांगत नाही. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर चाळिशीतला एक खातेदार खिडकीशी आला. पासबुक भरून घेतले. मग म्हणाला, "साहेब, माझ्या खात्याला वारस कोण लावलाय बघा की." आम्ही पाहिले. आईचे नाव होते, आणि आई वारलेली. बायकोचे नाव घालायचे आहे म्हणाला. आम्ही फॉर्म दिला, त्याने भरला, आम्ही शिक्का मारला. निघताना त्याने विचारले, "आता तिला काही हेलपाटे पडायचे नाहीत ना?" आम्ही म्हणालो, "हेलपाटे कशाला? दाखला आणला की झालं काम." आणि हे आम्ही हसत म्हणालो. तीन आठवड्यांनी त्याची बायको दाखला घेऊन त्याच खिडकीशी उभी राहिली. त्याने स्वतःच्या हाताने जीव दिला होता.

कागदोपत्री आमचे काहीच चुकले नव्हते. फॉर्म बरोबर, सही बरोबर, शिक्का बरोबर. तिला हेलपाटेही पडले नाहीत. पण भर दुपारी एक धडधाकट माणूस आपल्यामागे काय होईल ते विचारतो, तेव्हा "पाव्हणं, आज हे कसं काय मनात आलं?" एवढे विचारायला कोणत्या अधिकाऱ्याची परवानगी लागत होती? आम्ही विचारले असते तर तो वाचला असता, असे आम्ही म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. आम्ही विचारले नाही, एवढेच आम्हाला ठाऊक आहे.

मित्रहो, आपल्या भागात पुरुष 'माझे मन दुखते' असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, डोके जड झालेय. छातीत भरून येते. जेवण जात नाही. पित्त झालेय. दवाखान्यात जाऊन सलाइन लावून घेतो, दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप नाही. बायको म्हणते, हल्ली लई चिडचिड करतात. आई म्हणते, बाहेरचे काही झाले असेल, दाखवून आणा. कोणी संध्याकाळी बाटली जवळ करतो, आणि मग सगळे म्हणतात, दारूने बिघडला. दारूच्या आधी काय बिघडले होते, ते कोणी पाहत नाही. माता-भगिनींनी असे समजू नये की त्यांच्या दुःखाला आम्ही कमी लेखतो आहोत. उलट पुरुषाने गिळलेल्या दुःखाचा पहिला मार पुष्कळ घरांत बाईच्या पाठीवर पडतो, हे आपण सारे जाणतो. म्हणून तर हा विषय घरातल्या दोघांचाही आहे.

आकडे थोडेच सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत शंभरातले जवळजवळ ७२ पुरुष होते. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, २२,७४६. आणि धंदा-व्यवसायाप्रमाणे पाहिले तर सर्वांत मोठा गट रोजंदारीवर जाणाऱ्यांचा होता, चारांत एकाहून अधिक. शेतकऱ्याच्या मृत्यूची बातमी होते. मजुराच्या मृत्यूची तेवढीही होत नाही. या सभेत बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरात रोजंदारी आहे, ते आम्ही सांगायला नको.

आता थोडे आपल्या सुप्याविषयी. बारामती म्हटले की बाहेरच्या माणसाला ऊस दिसतो, कालवा दिसतो, साखर कारखाने दिसतात. नीरा डाव्या कालव्याखालचे बागायती गाव वेगळे आणि आपला जिरायती पट्टा वेगळा. पावसाने पाठ फिरवली की येथे ज्वारीचे ताटही हाताला लागत नाही. कर्ज काढणे, ते नवे-जुने करणे, जामीनदाराला तोंड चुकवणे, हे येथे तीन पिढ्यांचे नाही, त्याहून जुने आहे.

१२ मे १८७५ रोजी याच सुप्यात काय झाले, ते शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येते. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्याचे नाव आहे, आणि त्यांची सुरुवात येथून झाली. २०२५ साली त्या घटनेला १५० वर्षे झाली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्याकडच्या कापसाला भाव आला होता, सावकारही हात सैल सोडून कर्जे देत होते. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास इंदापूर, भीमथडी या भागांत सरकारने शेतसाऱ्याची नवी आकारणी करून सारा वाढवला. सावकाराने हात आखडता घेतला. खते मात्र त्याच्या पेटीत होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने अंगठा उठवलेला, आणि कागदावर नेमके काय लिहिले आहे हे त्याला माहीत नाही.

जरा त्या माणसाची स्थिती डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाचे खत वेगळे. प्रत्येकजण सावकाराच्या ओट्यावर एकटा जाणार, एकटाच हात जोडणार, एकटाच घरी येणार. शेजाऱ्याला सांगायची लाज, कारण शेजाऱ्याला वाटेल की यालाच व्यवहार कळत नाही. आणि शेजारीही तेच लपवून बसलेला. मग त्या वर्षी बाजारच्या दिवशी माणसे एकत्र जमली, आणि ज्याला त्याला कळून चुकले की आपल्यावर आले आहे तेच सगळ्यांवर आले आहे. सावकारांची घरे-दुकाने फोडली गेली, वह्या आणि खते बाहेर काढून जाळली गेली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत गेले. माणसांच्या अंगावर फारसे कोणी गेले नाही. लोकांचा राग कागदावर होता. सुमारे साडेनऊशे जणांना अटक झाली आणि त्यांतल्या सुमारे पाचशे जणांना शिक्षा झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यावर त्या कायद्याने बंधन घातले.

आम्ही बँकेचे नोकर, वह्या जाळा असे आम्ही सांगणार नाही. (आणि आता वह्या राहिल्यात कुठे? सगळे संगणकात आहे, आणि तो संगणक मुंबईला.) घर फुटलेला सावकारही बायकामुलांचा धनी होता, हेही विसरून चालणार नाही. पण त्या दिवसातली एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. कर्ज त्या दिवशी एका रुपयाने कमी झाले नव्हते. लाज मात्र गेली होती. 'माझ्यात काही खोट आहे' या जागी 'आपल्यावर हे संकट आले आहे' असे माणूस म्हणू लागला. मनाच्या दुखण्यात माणसाला आतून पोखरते ते ही लाजच. ती एकट्याने जात नाही.

कोणी म्हणेल, आमचे पुरुष एकटे कुठे आहेत? पारावर बसतात, चहाच्या टपरीवर दोन-दोन तास बसतात. खरे आहे. पण तेथे बोलतात काय? आमदार कोण होणार, उसाला भाव किती, क्रिकेटमध्ये कोण कसा खेळला. स्वतःविषयी अवाक्षर नाही. चुकून कोणी म्हणाला, "रात्री झोप लागंना राव," तर दुसरा म्हणतो, "वहिनी माहेरी गेली काय?" सगळे हसतात, तोही हसतो, आणि पुन्हा कधी तो विषय काढत नाही. ही सोबत नव्हे. हा नुसता गलका आहे.

बँकेत आम्ही एक फरक रोज पाहतो. १९९२ साली नाबार्डने ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला. पुढे ते काम देशभर इतके वाढले की आज एकही शाखा महिला बचत गटाच्या खात्यावाचून नसेल. बायका बँकेत येतात त्या तिघी-तिघी येतात. अध्यक्ष, सचिव आणि जिला बसथांब्यावर एकटे बसायला नको म्हणून आणलेली तिसरी. एकीची सही चुकली तर दुसरी तिला सांभाळून घेते. पुरुष येतो तो एकटा. थकबाकीची नोटीस दुमडून खिशात घातलेली, आणि खिडकीशी आल्यावर आधी मागे वळून पाहतो, ओळखीचे कोणी नाही ना.

त्या गटांची वही आम्ही पाहिली आहे. पन्नास किंवा शंभर रुपये बचत, तीही ठरल्या दिवशी. पण वहीत पैशांच्या आधी दुसरा एक रकाना असतो, हजेरीचा. जी आली नाही तिच्या नावापुढे फुली, आणि लगेच प्रश्न निघतो, ती का नाही आली? मग दोघी तिच्या घरी जातात. वरवर जातात त्या वर्गणीसाठी. पण घरी गेल्यावर चूल पेटलेली आहे की नाही ते दिसते, गालावरचा वळ दिसतो, अंथरुणावरचे मूल दिसते. हा रकाना पुरुषांच्या कोणत्याच वहीत नाही. पारावरचा माणूस महिनाभर आला नाही तर लोक म्हणतात, कामात असेल. आपल्याच वर्षावासातल्या ग्रंथवाचनाचे घ्या. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. पुढे बायका-मुले बसलेली, आणि पुरुष बाहेर मोटारसायकलींना टेकून उभे. त्यांतला कोण आला आणि कोण आला नाही, हे सांगता येईल असे कोणी येथे आहे का? आम्हालाही सांगता येत नव्हते.

आता स्वतःची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याच्या दुःखावर भाषण करणे सोपे असते. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. एक दिवस बँका बंद राहिल्या आणि १० तारखेपासून आम्ही खिडकीत बसलो ते दिवस सरेपर्यंत उठलो नाही. सकाळी साडेआठला रांग, रात्री दहा वाजता हिशेब. त्यांत एका रात्री आमची कॅश साडेअकरा हजारांनी कमी भरली. कॅश कमी भरली तर ती कॅशियरने भरायची, हा नियम आहे आणि आम्ही भरली. आमचे वडील त्याच महिन्यात अंथरुणाला खिळलेले होते, त्यांच्या औषधासाठी ठेवलेले ते पैसे. साहेब म्हणाले, "होतं असं, मनाला लावून घेऊ नका." मनाला लावून घेऊ नका म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र आजवर कोणी आम्हाला सांगितले नाही.

जानेवारीत वडील गेले. आम्ही रडलो नाही. थोरला मुलगा, पाहुणेरावळे बघायचे, पुण्यानुमोदनाचे बघायचे. सगळे म्हणाले, खंबीर आहे. आणि त्यानंतर आमची झोप गेली. रात्री पडल्या पडल्या आमची बोटे हलायची. पत्नीने एके दिवशी विचारले, "अहो, झोपेत नोटा कसल्या मोजता?" आम्ही तिच्यावर ओरडलो. मुलाच्या वहीत एक बेरीज चुकली म्हणून वही भिंतीवर फेकली. सकाळी बँकेत जाताना गाडी तलावाच्या बाजूला का वळते, हे आमचे आम्हाला समजत नव्हते. विहारात जायचे सोडले. कोणी विचारले तर ऑडिट आहे म्हणायचो. अडीच महिने ऑडिट चालले होते म्हणे!

एका मित्राला ते पटले नाही. तो एसटीत मेकॅनिक होता, दहावी नापास. मार्चमधल्या एका संध्याकाळी तो घरी आला. उपदेश नाही, भाषण नाही. म्हणाला, "तुझ्या गाडीचा आवाज बरोबर येत नाही." अंगणात बसून कार्ब्युरेटर खोलला. आम्ही पान्हे देत बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, म्हणाला काल एक स्क्रू राहिला. असे नऊ-दहा दिवस. एवढे दिवस लागावेत असे त्या गाडीत काही नव्हते. एका संध्याकाळी मान खाली घालून, हात ऑइलने भरलेले, त्याने विचारले, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं येतंय का रे मनात?" आम्ही हो म्हणालो. वडील गेल्यावर जे पाणी डोळ्यांत आले नव्हते ते तेव्हा आले. त्याने हात पुसले नाहीत, तसाच खांद्यावर ठेवला; त्या सदऱ्यावरचा डाग अजून आहे. दोन दिवसांनी तो आम्हाला मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेला. बाहेरच्या बाकावर दोन तास बसला. आठ महिने गोळ्या घेतल्या. सुरुवातीला गोळ्यांचे पाकीट आम्ही पित्ताच्या गोळ्यांच्या डबीत लपवत होतो. पुढे लपवायचे सोडले.

गोळ्यांनी आम्ही बरे झालो की मित्राने? हा प्रश्न आम्हाला पुष्कळांनी विचारला. गोळ्यांशिवाय झोप आली नसती, आणि त्याच्याशिवाय आम्ही गोळ्यांपर्यंत गेलो नसतो. काही विद्वान मंडळी म्हणतात ध्यान करा, औषध नको. ध्यान चांगलेच आहे. पण तुटलेल्या हाडाला प्लास्टर घालतात तसे याही दुखण्याला डॉक्टर लागतात, त्यात कमीपणा नाही.

ज्यांना हे सारे पाश्चात्त्य खूळ वाटते त्यांच्यासाठी दोन गोष्टी आठवून देतो. आनंदाने एकदा भगवंतांना म्हटले की, चांगल्या मित्राची सोबत म्हणजे निम्मा धम्ममार्ग. भगवंतांनी त्याची दुरुस्ती केली. निम्मा नव्हे, ती सोबत म्हणजे संपूर्ण मार्गच, असे सांगितले. कल्याणमित्र हा शब्द आपण लग्नपत्रिकेत छापतो, त्याचे मूळ हे आहे. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने तो स्वतःच्या घाणीत पडलेला, आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, का तर तो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि मग संघाला विचारले की, तुम्हाला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? 'तो कोणाच्या उपयोगी पडला नाही' हे वाक्य आम्ही आपल्या वस्तीत दारुड्या माणसाविषयी कितीदा ऐकले आहे!

दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. १९२६ साली त्यांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. त्याआधीही पोटची मुले गेलेली. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. आपण आणि रमाई या धक्क्यातून सावरलो आहोत असा देखावा करण्यात अर्थ नाही, बहुधा कधी सावरणारही नाही, अशा आशयाचे ते पत्र आहे. त्या वेळी बाबासाहेब ३५ वर्षांचे होते, बॅरिस्टर होते, हजारो लोक त्यांच्याकडे आशेने पाहत होते. तरी त्यांनी मित्रापाशी मन उघडे केले. आणि पुढच्याच मार्चमध्ये, १९२७ साली, ते महाडच्या चवदार तळ्यावर उभे राहिले. विद्यार्थी मित्रांनो, रडणारा माणूस लढू शकत नाही असे कोणी म्हटले तर त्याला या दोन तारखा सांगा.

ही सोबत उभी करता येते, याचे दाखले आपल्याजवळ आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू केले. तेथून बाहेर पडलेला माणूस पुन्हा पाठपुराव्याच्या सभांना येतो, आणि स्वतः व्यसनातून सुटलेले लोकच नव्यांना आधार देतात. बायकांसाठी सहचरी गट आहे. गोव्यात संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या अतिमद्यपी पुरुषांवर एक प्रयोग केला. डॉक्टर नव्हे, थोडे प्रशिक्षण दिलेली साधी माणसे त्यांच्याशी जास्तीत जास्त चार वेळा बसून बोलली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी, असे बोलणे झालेल्यांपैकी शंभरात ३६ जणांचे पिणे आटोक्यात आले होते, बाकीच्यांत २६ जणांचे. दहाचाच फरक, असे कोणी म्हणेल. आपल्या वस्तीतल्या दहा घरांची नावे मनात आणा आणि मग म्हणा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत त्याच संस्थेच्या मंडळींनी 'विश्राम' नावाने काम केले, तेव्हा उदासीनतेच्या रुग्णांपैकी मदत घेणारे शंभरातले चार होते ते सत्तावीसवर गेले. गावे कोरडवाहूच होती, आपल्यासारखी.

विद्यार्थ्यांसाठी थोडे वेगळे. तुमच्यातले किती जण बारामतीला खोली करून भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करतात, हे आम्हाला शैक्षणिक कर्जाच्या आणि घरून येणाऱ्या पैशांच्या नोंदींवरून दिसते. तिसऱ्या वेळी यादीत नाव नसले की मुलगा गावी यायचे बंद करतो. दिवाळीला येत नाही, जयंतीला येत नाही. त्याला "टेन्शन घेऊ नको" असा निरोप पाठवू नका. तो निरोप आमच्या साहेबांच्या वाक्याइतकाच निकामी आहे. त्याच्या खोलीवर जा. आणि शंका आली तर सरळ शब्दांत विचारा, आमच्या मित्राने विचारले तसे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे; जाणकार सांगतात की विचारल्याने माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नका. घरात फवारणीची औषधे असतील तर कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू झाली. पोलीस केस होईल या भीतीने पूर्वी लोक लपवीत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आता असे मानतो की, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता, त्याला शिक्षा नव्हे तर उपचार हवेत. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यात जुने ३०९ कलमही राहिले नाही.

शेवटी आपल्या संस्थेपुरते. गेल्या वर्षावासात आम्ही काही जणांनी विहाराच्या मागच्या खोलीत बसायला सुरुवात केली आहे. महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार, संध्याकाळी सहा वाजता. अध्यक्ष नाही, हार-तुरे नाहीत, वर्गणी नाही. राजकारण आणि उसाचा भाव काढायचा नाही, एवढा एकच नियम, आणि तोही सगळ्यांत जास्त वेळा आम्हीच मोडला आहे. बोलायचे नसेल त्याने बोलू नये. एक गृहस्थ चार महिने नुसते चहा पिऊन गेले, पाचव्या महिन्यात बोलले. खोलीत बोललेले खोलीतच राहते. दारू पिऊन आला तर हाकलत नाही, पण त्या दिवशी त्याला बोलू देत नाही. हे मंडळ फार चालले आहे असे नाही. पहिल्या रविवारी चौदा जण होते, पावसाळ्यात तीन. दोघांनी 'बायकांसारखे रडगाणे' म्हणून येणे सोडले. त्यांतला एक पुन्हा आला.

बचत गटाच्या बायकांकडून आम्ही हजेरीची वही तेवढी उचलली आहे. आता तीत अकरा नावे आहेत. सहाव्या नावापुढे लागोपाठ दोन फुल्या आहेत. त्यांचा मळा येथून सहा-सात किलोमीटरवर आहे, आणि फोन लागत नाही. सभा आटोपली की आम्ही तिकडे निघणार आहोत. आमच्या मोटारसायकलची मागची जागा रिकामी आहे. ज्याला यायचे असेल त्याने दाराशी, माहितीपत्रकांच्या टेबलापाशी थांबावे.

जयभीम.